दवाखान्यात पंधरा माणसं, घरी एकटी सून

सोलापूरच्या पूर्व भागातून एका ताईंचं लांबलचक पत्र आलंय. ओळख पटेल असं सगळं गाळून थोडक्यात सांगते.

ताई ३७ वर्षांच्या. युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात हिशेब बघतात, पगार साडेसोळा हजार. नवरा चाकणला कंपनीत. शनिवारी रात्री येतो, सोमवारी पहाटेच्या हुतात्मा एक्सप्रेसने परत जातो. मुलगा दहावीला. घर दोन खोल्यांचं. सासूबाई ६७ वर्षांच्या, जन्मभर विड्या वळलेल्या, जुना मधुमेह, इन्सुलिन चालू. अडीच महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. दवाखान्यात असताना खाली बाकड्यांवर पंधरा-पंधरा माणसं बसून असायची, डब्यांची रांग लागायची. घरी आणलं ते नाकात नळी आणि लघवीला नळी घेऊन, आणि तेव्हापासून सगळं ताई एकट्या करतात. आधी रजा, आता अर्धा दिवस काम आणि अर्धा पगार. गेल्या आठवड्यात माकडहाडापाशी लाल झालेली जागा फुटून जखम झाली. जुळे सोलापूरला राहणारी नणंद बघायला आली आणि म्हणाली, "वहिनी, आईकडे लक्ष नाही तुमचं." ब्युरोची, म्हणजे घरी रुग्णसेवेला बायका पुरवणाऱ्या संस्थेची, बाई ठेवू म्हटलं तर, "परक्या बाईच्या हातात आईला देणार?" हैदराबादचा दीर म्हणतो, पैसे लागले तर सांगा. ब्युरोवाले दिवसपाळीचे अठरा हजार मागतात. त्यावर नवरा म्हणतो, तुझ्या पगारापेक्षा ते जास्त, मग तूच नोकरी सोड.

पत्राच्या शेवटी त्या लिहितात: "सासूबाईंशी माझं कधी फार पटलं नाही. डायपर बदलताना मला किळस येते, आणि मग रात्री वाटतं की मीच वाईट आहे. मी काही नर्स नाही. नोकरी सोडून पूर्ण वेळ सेवा केली तर जखम भरेल ना?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नोकरी सोडल्याने जखम भरत नाही. त्या जागेवरचा भार हटला, साखर आटोक्यात आली, पोटात पुरेसं प्रथिन गेलं आणि ड्रेसिंग नीट झालं की जखम भरते. यातलं एकही काम तुमच्या राजीनाम्यावर अडलेलं नाही. तेव्हा तो कागद तूर्त बाजूला ठेवा आणि उद्याच्या उद्या ती जखम डॉक्टरांना दाखवा.

मी बरीच वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून काढली, म्हणून नणंदबाईंच्या बोलण्यावर जरा स्पष्ट बोलते. माणूस न हलता पडून राहिला की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांत ती जागा मरायला लागते. तुम्ही-आम्ही झोपेत नकळत हलतो म्हणून वाचतो. मधुमेहात हे लवकर होतं आणि भरायला वेळ लागतो. वॉर्डात कूस बदलायला तीन पाळ्यांची माणसं होती. घरी त्या तिन्ही पाळ्या तुम्ही, वर स्वयंपाक, दहावीचा मुलगा आणि अर्धी नोकरी. जखम झाली नसती तर मला नवल वाटलं असतं.

तुमच्या पत्रातली ती बाकड्यावरची पंधरा माणसं माझ्या डोक्यातून जात नाहीत. अटीतटीचं आजारपण कसं निभवायचं हे आपल्याकडे सगळ्यांना येतं. रक्त लागलं तर चार पोरं धावतात, कुणी डबा आणतं, कुणी रात्री झोपायला येतं. तेव्हा सगळं सोडून उभं राहणं बरोबरच असतं, कारण तासातासाला प्रकृती बदलत असते. आजार लांबला की मात्र प्रश्न वेगळा होतो: हेच काम सहा महिने, वर्षभर, रोज कोण करणार? तुमच्या घरात अजून आयसीयूच्या दिवसांचाच कायदा चालू आहे, की कुणीतरी सगळं सोडून उभं राहायचं. फक्त बाकीची चौदा माणसं आपापल्या घरी गेली आहेत.

आता नवऱ्याचा हिशेब. अठरातून साडेसोळा गेले, म्हणजे तुम्ही घरी बसलात तर महिन्याला दीड हजार वाचले! ताई, कारखान्याचे हिशेब बघणारी बाई तुम्ही, ही वजाबाकी तुम्हाला पटली कशी? मदतीच्या बाईचा खर्च एकट्या तुमच्या पगारासमोर का मांडायचा? आई तिघांची. अठरा हजार तिघांत वाटले तर माणशी सहा. ज्याला पैसे जमत नाहीत त्याने तेवढे तास द्यावेत. दीर 'लागले तर सांगा' म्हणतात ना, त्यांना आकडा आणि तारीख सांगा. सासूबाईंना विडी कारखान्याचं पेन्शन असेल तर ते आधी त्यांच्याच सेवेला लागू दे. त्यासाठीचा हयातीचा दाखला आता घरबसल्या मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो, पलंगावरून उठवावं लागत नाही. आणि २००७ चा ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा आहे ना, त्यात 'मुलं' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू आणि नात. सून त्यात नाही. हे नणंदेला ऐकवा असं मी म्हणत नाही, घरं कलमांवर चालत नाहीत. पण रात्री स्वतःवर जो खटला भरता, त्यात हा कागदही जोडा.

नोकरी सोडणं कायमच चूक, असंही मी म्हणणार नाही. शेवटचे दिवस असतील आणि मनापासून जवळ राहावंसं वाटत असेल तर माणसं नोकरी सोडतात, आणि त्यांना पुढे त्याचं वाईट वाटत नाही. तुमच्याकडे तसं चित्र नाही. वर्षभराने परत कामाला निघालात तर आहे ती जागा, तो पीएफ, मालकाचा विश्वास पुन्हा मिळेलच असं नाही. जखम भरेपर्यंत माणूस कमी पडत असेल तर पंधरा दिवसांची सुट्टी दोघांत वाटा. आठ दिवस नवऱ्याने काढावी. आई त्याची आहे, हे बोलताना अवघडू नका.

किळसेबद्दल. वॉर्डात नव्याने आलेल्या पोरींना सुरुवातीला जेवण जायचं नाही. हळूहळू हात सरावले, पण नाक काही मरत नाही. जन्मभर काम केलेल्या सिस्टरलाही वास येतो. म्हणून तर हातमोजे, मास्क, एप्रन असतात. डिस्पोजेबल हातमोज्यांचा खोका आणून पलंगाशी ठेवा, मास्कच्या बाहेरच्या बाजूला निलगिरीचा एक थेंब लावा, आणि किळस आली तर आली. हात नीट चालले म्हणजे झालं. सासूशी पटत नव्हतं म्हणता, तर पेशंटवर माया असलीच पाहिजे अशी अट मी तरी कुठल्या नर्सिंगच्या अभ्यासक्रमात पाहिली नाही. नर्सिंगच्या एएनएम कोर्सला दोन वर्षं लागतात, जीएनएमला तीन, बी.एस्सी.ला चार. जे शिकायला पोरी वर्षं घालवतात ते तुम्हाला डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या गडबडीत दहा मिनिटांत सांगितलं गेलं. डॉ. कोटणीस आपल्या सोलापूरचे, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. चीनमध्ये त्यांनी जिच्याशी लग्न केलं ती क्वो छिंगलान परिचारिका होती, हे कितीजण सांगतील? हे काम असंच न दिसणारं आहे. दिसतं ते चुकल्यावर.

म्हणून 'मी नर्स नाही' हे तुमचं म्हणणं अगदी खरं धरू आणि त्यावरूनच कामं वाटू. नाकातली नळी बदलणं, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी बदलणं, जखमेचं ड्रेसिंग ही शिकलेल्या हातांची कामं. त्यासाठी चोवीस तास नर्स लागत नाही. एएनएम किंवा जीएनएम झालेली, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेली सिस्टर ठरलेल्या दिवशी घरी येऊन तासाभरात ते करून जाते, आणि पैसे तेवढ्या फेरीचेच द्यावे लागतात. स्वच्छता, कूस बदलणं, नळीतून भरवणं, लघवीची पिशवी रिकामी करणं हे ब्युरोची मावशी करू शकते, सिस्टरने तिच्याकडून दोन-तीनदा समोर करून घेतलं तर. इन्सुलिनचा डोस ठरवणं किंवा निघालेली नळी परत घालणं तिने करायचं नाही, आणि तुम्हीही नाही. रात्र आणि रविवार घरच्यांचे. शनिवारची रात्र नवऱ्याची, पूर्ण. त्या रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं.

मावशी ठेवताना आधारची प्रत, आधीच्या दोन घरांचे फोन आणि आठवड्याची सुट्टी हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या. तिला बसायला खुर्ची, वेळेवर चहा. तीही कुणाच्या तरी घरची कर्ती बाई असते.

आणि 'परक्या बाईच्या हातात' या वाक्यावर एक विचारायचं राहिलंय. सासूबाईंना विचारलं का? उजवी बाजू गेली की पुष्कळदा बोलणंही जातं, कारण दोन्हींचं केंद्र बहुतेकांच्या मेंदूच्या डाव्या भागात असतं. पण बोलता येत नाही म्हणजे कळत नाही, असं नसतं. 'हो-नाही'त उत्तर देता येईल असा एकच छोटा प्रश्न विचारायचा, डावा हात हातात घेऊन. हो असेल तर दाबा. मग थांबायचं, आपण वाट बघतो त्यापेक्षा बरंच जास्त. तुम्ही लिहिलंय की त्या घरात तेलुगूच बोलायच्या. तर तेलुगूत विचारा. आपल्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी मावशी मिळणं अवघड नाही, आणि माझ्या मते एखादा कोर्स झालेल्या पण भाषा न कळणाऱ्या बाईपेक्षा तीच बरी. कदाचित त्यांना सुनेकडून डायपर बदलून घेण्यापेक्षा परकीच बरी वाटत असेल. लाज त्यांनाही आहे.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा एक प्रश्न लिहूनच न्या: या दोन नळ्या अजून लागतात का? नळी काढायची आठवण कुणी केलीच नाही म्हणून महिनोन्‌महिने तशाच राहिलेल्या मी कितीतरी पाहिल्या. झटक्यानंतर बऱ्याच जणांना काही आठवड्यांत गिळायला यायला लागतं. ते तज्ज्ञाने तपासायचं असतं. घरी चमचाभर पाणी पाजून बघायचं नाही, ते छातीत गेलं तर न्यूमोनिया होतो. गिळणं परत यायला फारच वेळ लागणार असेल तर पोटातून नळी घालण्याचा पर्याय असतो, तोही विचारा. लघवीची नळी जितके दिवस राहील तितकी जंतुसंसर्गाची भीती वाढते. ती काढून डायपरवर राहता येईल का, पण ओलीमुळे जखमेवर काय परिणाम होईल, हे दोन्ही डॉक्टरांनी तोलायचं आहे. तुम्ही विचारायचं आहे.

आता रोजचं काम. दर दोन तासांनी कूस, रात्रीसुद्धा. एअर मॅट्रेस भाड्याने आणली तरी. ती मदत करते, कूस बदलायचं काम तुमच्यासाठी करत नाही. जखम माकडहाडावर असल्याने उताणं शक्यतो ठेवायचंच नाही. एकदम काटकोनात कुशीवरही नको, खुब्याचं हाड दबतं. तीसेक अंश कलतं ठेवून पाठीशी आधार लावायचा. आपली सोलापुरी चादर गुंडाळून पाठीशी लावायला झकास. अंगाखाली मात्र ती घालू नका, वीण जाड असते आणि घड्या रुततात. अंगाखाली जुनं मऊ धोतर, एकच थर, सुरकुती नको. पोटरीखाली उशी घेऊन टाचा अधांतरी ठेवा. मध्ये भोक असलेली हवेची रिंग कुणी आणून दिली तर आभार मानून माळ्यावर टाका. तिच्या कडेने उलट रक्त अडतं. लाल जागा चोळायची नाही, तेल-पावडर-स्पिरिट काही लावायचं नाही. रोज आंघोळीच्या वेळी खुबे, टाचा, कोपर बघा. बोटाने दाबल्यावर लाली क्षणभर फिकी होऊन परत आली तर कूस लवकर बदला. दाबूनही तशीच राहिली तर डॉक्टरांना दाखवा. सावळ्या रंगावर लाली दिसत नाही, तिथे जागा काळपट, गरम किंवा कडक लागते का ते हाताने बघायचं.

उचलताना उजवा हात धरून ओढू नका. लकवा मारलेल्या बाजूचा खांदा सैल झालेला असतो, ओढल्याने निखळतो आणि मग व्यायामच बंद पडतो. पाठीपासून मांड्यांपर्यंत एक आडवी चादर घाला. दोन्ही बाजूंनी दोघांनी धरून सरकवलं की त्यांचा खांदा वाचतो आणि तुमची कंबरही. दहावीचा मुलगा सकाळी पाच मिनिटं यात हात लावू शकतो, त्याने अभ्यास बुडत नाही.

भरवताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच, आणि नंतरही अर्धा-पाऊण तास तशीच. त्या वेळी भार माकडहाडावर येतो, म्हणून तेव्हाही थोडं कुशीवर कलतं ठेवा. नाकापाशी नळीवर जी खूण आहे ती जागेवर आहे ना, हे दर वेळी आधी बघा. खूण सरकली असेल, खोकला किंवा धाप लागली असेल तर काही घालायचं नाही. तुम्ही 'दूध आणि फळांचा रस' देताय असं लिहिलंय. मधुमेहाला आणि जखमेला दोन्हीला हे पुरेसं नाही. गाळलेलं घट्टसर वरण, ताक, प्रथिनाची पावडर यांचं प्रमाण दवाखान्याच्या आहारतज्ज्ञाकडून लिहून घ्या. शेंगाचटणी-कडक भाकरीचे दिवस यायला वेळ आहे. एखाद्या वेळचं भरवणं चुकलं किंवा उलटी झाली तर इन्सुलिन देण्याआधी फोन करून विचारा. साखर ७० च्या खाली गेली तर काय द्यायचं, किती द्यायचं, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घेऊन फ्रिजवर चिकटवा. मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा इन्सुलिन कपाटात नको; फ्रिजच्या दारात ठेवा, फ्रीझरमध्ये अजिबात नाही.

लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली लटकवा, पण जमिनीला टेकू देऊ नका. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून हात धुवायची एक बादली आणि तोटीचा पिंप वेगळा काढून ठेवा, त्यातलं पाणी दुसऱ्या कशाला घ्यायचं नाही. चादरींना आपलं ऊन आहेच.

हे सगळं रोजचं. पण लांबलेल्या आजारातही मधूनच अटीतटीची वेळ येते, आणि ती ओळखता आली पाहिजे. थंडी वाजून ताप, पाच-सहा तास पिशवीत लघवीच नाही, नेहमीपेक्षा जास्त गुंगी, श्वास जलद, जखमेला घाण वास किंवा काळेपणा, चेहरा नव्याने वाकडा होणं किंवा डाव्या हाताचाही जोर जाणं. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता निघा, १०८ ला फोन लावा. नव्या झटक्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, तेही सगळ्यांना चालत नाही. त्यामुळे नवऱ्याला चाकणहून येऊ दे, मग ठरवू, असं करू नका.

पैशांचं थोडक्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावर. घरच्या मावशीचा पगार त्यातून निघत नाही. सत्तरी ओलांडलेल्यांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड सासूबाईंना अजून लागू नाही, ज्या वाचकांच्या घरी ७० च्या पुढचं कुणी आहे त्यांनी काढून ठेवावं. नवऱ्याच्या पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापला जात असेल तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईचं नाव घातलंय का बघा. झटक्यानंतर अपंगत्व उरलं तर यूडीआयडी कार्डासाठी (अपंगत्वाच्या ओळखपत्रासाठी) अर्ज करता येतो. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७. आणि तुम्हाला रात्री झोपच येईना, रडू आवरेना, असं झालं तर १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे; तो फक्त पेशंटसाठी नाही.

ज्यांचं माणूस अजून दवाखान्यात आहे त्यांनी एवढं करा: डिस्चार्जच्या दोन दिवस आधीच वॉर्डच्या सिस्टरना गाठा, भरवणं आणि कूस बदलणं त्यांच्यासमोर स्वतःच्या हाताने करून बघा, आणि नळ्या घातल्याच्या व बदलायच्या तारखा कागदावर घ्या. गडबडीच्या वेळी नाही, दुपारी जरा निवांत असताना विचारलंत तर सिस्टर सांगतात.

राहता राहिल्या नणंदबाई. त्यांच्याशी भांडू नका, खुलासेही देऊ नका. मला वाटतं त्यांना आईची जखम बघवली नाही, आणि समोर रागवायला तुम्हीच होतात. त्यांना म्हणा, "ताई, आईला परक्या बाईच्या हातात द्यायचं नाही म्हणता, मला पटलं. मग मंगळवार आणि शुक्रवार दुपारी दोन ते आठ तुम्ही या. सिस्टर ड्रेसिंगला तेव्हाच येणार आहे, तुम्हालाही दाखवेल." एकतर त्या येतील आणि मग जखम कशी होते हे त्यांना सांगावं लागणार नाही. किंवा पुढच्या आठवड्यात मावशीच्या पगारातले त्यांचे सहा हजार येतील. दोन्हीपैकी काहीच झालं नाही तर मला परत लिहा. तेव्हा नवऱ्याला समोर बसवून बोलायचं पत्र मी त्याच्याच नावाने लिहीन.